तुझ्या फोटोखालचं सूर्यफूल

सुजे, गुरुवारी सकाळी तू मला चौकात दिसलीस. रिक्षा स्टँडच्या वर, जिथं इतके दिवस कुठल्याशा भाऊंचा वाढदिवस चालला होता, तिथं तुझा फ्लेक्स लागला होता. फोटो तुझ्या मुलाच्या, आनंदच्या लग्नातला, मोरपंखी साडीतला. तुझ्या शेजारी उभी असलेली मी कापून टाकलीय, त्याचं काही नाही. वर तुझं नाव, डॉ. सुजाता, बालरोगतज्ज्ञ, भावपूर्ण आदरांजली. खाली रविवारच्या पुण्यानुमोदनाची वेळ आणि हॉलचा पत्ता. आणि उजव्या कोपऱ्यात, अगदी तुझ्या खांद्याला टेकून, ते हसरं सूर्यफूल.

तेच गं. दुधाच्या पावडरीच्या डब्यावरचं. जन्मभर ज्याला तू दवाखान्याचा जिना चढू दिला नाहीस ते तुझ्या खांद्यावर येऊन बसलं होतं, आणि तू आपली चष्म्यातून हसत होतीस. मी स्कूटी रस्त्यातच थांबवली आणि बघत राहिले. मागून एक टेम्पोवाला ओरडला, "ओ मावशी, मरायचंय का?"

"मला नाय," मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाला तरी मारायचंय."

तो बाजूनं गुपचूप निघून गेला. तुला जाऊन पुरता आठवडा झाला नव्हता. लोक मला विचारत होते, चंद्रकलाबाई, रडून घ्या, मन मोकळं होईल. कधी रडू? आधी राग तर संपू द्या.

वर तुझा दवाखाना आणि खाली माझं मेडिकल. वसतिगृहाच्या एका खोलीतून निघालो आणि फिरून एकाच इमारतीत येऊन बसलो, तू पोरांची डॉक्टर होऊन आणि मी डी. फार्मसी करून. त्यामुळं जिन्यावरून कोण काय घेऊन वर जातं आणि काय घेऊन खाली येतं, हे माझ्याइतकं कुणी बघितलेलं नाही. सूर्यफूलवाला, म्हणजे त्या डब्याच्या कंपनीचा माणूस, पहिल्यांदा आला तो भिंतीवरचं घड्याळ घेऊन. आकड्यांच्या जागी गोबऱ्या गालांची पोरं, सगळी गोरीपान, आपल्याकडं तसलं एकही पोर जन्माला येत नाही. तू त्याला विचारलंस, "कायदा वाचलाय का?" आणि मग तूच त्याला उभ्या उभ्या ऐकवलास. जाहिरात करायची नाही. आईला फुकट डबा द्यायचा नाही. दवाखान्यात चित्र लावायचं नाही. डॉक्टरला भेट द्यायची नाही, आणि डॉक्टरांच्या संघटनेच्या कार्यक्रमालाही पैसा द्यायचा नाही. तो सगळ्याला मान हलवत होता. त्याला कायदा पाठच होता, म्हणून तर डबा न आणता घड्याळ आणलं होतं.

घड्याळ खाली आलं. मग कॅलेंडर खाली आलं, पोरांच्या वजनाचा तक्ता खाली आला, दिवाळीच्या सुक्यामेव्याचं खोकं खाली आलं. दर वेळी तो माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "भाभी, मॅडम को समझाइए ना." मी म्हणायचे, "अरे बाबा, मॅडमला समजावणारा अजून जन्माला यायचाय." तू वरून ओरडायचीस, "चंद्रे, त्याला चहा पाजू नकोस!" आणि मी मुद्दाम पाजायचे, तुला जळवायला.

आपलं भांडण तसं साधंच होतं. मी डबे ठेवते यावर तुझा आक्षेप नव्हता. ते समोरच्या काचेत ठेवू नको म्हणायचीस. मी म्हणायचे, विकायला बंदी नाही, मग लपवायचं कशाला, मी काय दारू विकते? तू म्हणायचीस, "डबा औषध आहे, चंद्रे. औषधाची कुणी आरास मांडतं का?" आणि तू काही डब्याची दुश्मन नव्हतीस, हे तुमच्या डॉक्टरांच्या संघटनेतल्या कुणाला सांगूनही पटायचं नाही. बाळंतपणात गेलेल्या त्या पोरीची जुळी आठवतात? तू स्वतः चिठ्ठी लिहून आजीला खाली पाठवलीस, आणि मागोमाग स्वतः उतरून माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून तिला शिकवलंस, पाणी किती उकळायचं, चमचा कसा सपाट भरायचा, बाटली नको, वाटी-चमच्यानं पाज. ती जुळी आता माझ्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या मागायला येतात. ज्याला गरज आहे त्याला डबा मिळालाच पाहिजे, पण ज्याला नाही त्याच्या मनात गरज पेरायची नाही, एवढंच तुझं म्हणणं. यात न समजण्यासारखं काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि हे म्हणणं तुझ्या डोक्यात कुठं पक्कं झालं, तेही मला माहीत आहे. आमच्या घरी. तू शेवटच्या वर्षाला होतीस, सुट्टीत माझ्यासोबत सिल्लोडकडं आमच्या गावी आलीस, आणि आदल्याच दिवशी माझी वहिनी बाळंत झाली होती. आमच्या घरानं तुला चहा वेगळ्या कपात दिला होता. तू तो पिऊन घेतलास आणि कप विसळून ठेवलास. ते आठवलं की अजून माझ्या अंगाची आग होते, पण ते राहू दे. वहिनी आतल्या खोलीत पहिला पिवळा चीक पिळून फडक्यात टाकत होती आणि बाळाला बोटानं मध चाटवणं चाललं होतं. तू बाहेर येऊन माझ्या बापाला विचारलंस, "मामा, मेंढी व्याली आणि कोकराला चीक नाय पाजला तर?"

"मरतंय की ते. मेंढी नाय उभी राहिली तर पाय धरून पाजावं लागतंय."

"मग नातवानं काय घोडं मारलं?"

माझा बाप, दोनशे माणसांच्या पंचायतीत कुणाचं न ऐकणारा माणूस, तडक उठला. मग दाराशी जाऊन म्हणाला, "ये, पाज गं त्याला. अन् त्या पोरीला आत बसव. आमच्याच कपात च्या दे तिला." तो भाचा आज वाळूजला लेथ चालवतो. तुझ्या अंत्ययात्रेत सगळ्यात पुढं तोच होता.

म्हणून तर मला या लोकांचा एवढा राग येतो. त्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध भरून यायच्या आधी, प्रत्येक आईच्या मनात धाकधूक असते. आपण आयुष्यभर घसा कोरडा करून तिथला मध काढला, आणि यांनी त्याच जागी डबा आणून बसवला. किती सोप्या रीतीनं! कुठल्या तरी प्रसूतिगृहातून बाईचा नंबर जातो. तिसऱ्या दिवशी गोड आवाजाच्या मुलीचा फोन येतो, ताई, आमच्या आई क्लबमध्ये तुमचं स्वागत आहे. बाळ रडतंय का? अगं, बाळ रडणार नाही तर काय भाषण करणार? पण ती बाई घाबरते. हो म्हणते. मग तो गोड आवाज म्हणतो, पोट भरत नसेल, ताई. झालं. एवढ्या एका वाक्यावर यांची दुकानं उभी आहेत. आईला आईवरच शंका घ्यायला लावायची आणि वर तिला क्लबात घ्यायचं!

मंगल अशीच फसली. मंगल म्हणजे आमच्याच भागातली पोर, मेंढरं विकून शहरात आलेल्या घरची. नवरा शिफ्टच्या बसनं वाळूजला जातो, आणि ती आपल्या चिकलठाण्यात एका पॅकिंगच्या कंपनीत कंत्राटावर. बाळंत झाली तेव्हा घरी जाताना तिला भेट म्हणून पिशवी मिळाली. पिशवीत डबा, बाटली आणि टोपडं. दूध येत असताना तिनं डबा सुरू केला. पोर बाटलीला सोकावलं, अंगावर तोंड लावेना, दूध आटलं. मग कामावर जावं लागलं आणि डबा पुरवायला ती पावडर कमी आणि पाणी जास्त घालायला लागली. पाणी टँकरचं. पोराला जुलाब लागले आणि ती ते मऊ पडलेलं पोर घेऊन तुझ्याकडं आली.

पोराला तू वाचवलंस. सलाईन लावून दिवसभर त्याच्या उशाशी बसलीस. पण मंगलला काय बोललीस सुजे, काय बोललीस! "आई आहेस का कोण? पाणी पाजून मारायला निघालीस का पोराला?" खाली दुकानात मला ऐकू आलं. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून पदर तोंडात कोंबून रडत होती. मी दुकान तसंच टाकून वर आले आणि भरल्या दवाखान्यात तुझ्यावर ओरडले. तिला कंपनीत लघवीला जायचं तरी मुकादमाला विचारावं लागतं, ती पोराला पाजणार कधी आणि कुठं? हिंमत असेल तर तुझा राग कंपनीच्या गेटवर जाऊन काढ. या पोरीवर काय काढतेस? डबेवाल्यांनी तिला फसवलं आणि तू तिला फासावर देतेस!

तू नुसतं म्हणालीस, "चंद्रे, खाली जा."

मी गेले. पण बोलले त्यातलं एक अक्षर मी आजही मागं घेणार नाही. त्यानंतर आपण धड बोललोच नाही. तू सकाळी उशिरा यायला लागलीस. पेशंट जिन्यावर खोळंबायचे आणि मला म्हणायचे, मॅडम हल्ली कुठं असतात? मला वाटलं, माझं तोंड चुकवतेस. मीही कमी नाही, तू जिन्यावरून जाताना मी मुद्दाम पाठ करून औषधं लावत बसायचे. आणि मग त्या दिवशी आनंदचा फोन आला. मावशी, आई उठत नाहीये.

तुझ्या मुलावर मी कसं रागवू? तो वेडापिसा झाला होता. तुला घरी आणलं तेव्हापासून तो सूर्यफूलवाला, आता नवा आहे, तरणाताठा, घरचा असल्यासारखा राबत होता. मंडप त्याचा, खुर्च्या त्याच्या, पाण्याच्या बाटल्या त्याच्या. स्मशानातून परत आलेल्यांना चहा त्यानं दिला. दुःखात कुणी हात धरला की माणूस विचारत नाही, तुझा हात कुठला. त्यांना हे चांगलं ठाऊक असतं. त्याच मंडपात त्यांनी तुमच्या संघटनेच्या अध्यक्षांना गाठून ठरवून टाकलं, डॉ. सुजाता स्मृती व्याख्यान, दरवर्षी, खर्च त्यांच्या संस्थेचा. संस्थेच्या नावात बाल, पोषण आणि भारत, तिन्ही आहे. आणि विषय काय, तर स्तनपान!

फ्लेक्स बघून मी तशीच आनंदकडं गेले. तो तुझ्या खुर्चीत बसला होता, म्हणजे पुढच्या कडेवर, खुर्ची त्याची नसल्यासारखा.

"मावशी, ती कंपनी नाही, फाउंडेशन आहे. वेगळं असतं ते."

"सूर्यफूल एकच आहे."

"विषय आईचाच आहे ना? पैसे कुणाचे, हे कोण बघतं?"

"तुझी आई बघायची."

त्यानं डोळ्यांवर हात घेतला. "एवढं केलंय त्यांनी आपल्यासाठी. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणू? अध्यक्षांनी शब्द दिलाय." मी म्हटलं, मग मला रविवारी बोलू दे. तो म्हणाला, अध्यक्षांना विचारतो. अध्यक्षांनी निरोप पाठवला, आधी डॉक्टर मंडळी बोलतील, मेडिकलवाल्यांचं नंतर वेळ उरला तर बघू. तू हयात असतीस तर या निरोपावर आपण दोघी पोट धरून हसलो असतो.

तर काल रविवार होता. हॉल भरला होता. वंदना झाली, भन्तेजी तुझ्याबद्दल फार शांतपणे आणि चांगलं बोलले. मग डॉक्टर मंडळी सुरू झाली. व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना सूर्यफुलाचे उभे फलक, मधे तुझा हार घातलेला फोटो. त्या फोटोला पहिला हार त्या सूर्यफूलवाल्या पोरानं घातला, अध्यक्षांच्याही आधी. मी मधल्या रांगेत बसले होते आणि ठरवून आले होते, व्याख्यानाची घोषणा झाली की उठायचं, आणि माइक नाही दिला तर बिनमाइकचं ओरडायचं. या हॉलला माझा आवाज पुरतो. त्यांनी तुझं नाव एकदा घेतलं की घेतलं. उद्या तुझं नाव लावून ते घड्याळ पुन्हा प्रत्येक दवाखान्याचा जिना चढणार आणि डॉक्टर म्हणणार, अहो, सुजाता मॅडमचंच आहे, लावा.

अध्यक्ष घोषणेला आले. "मातेच्या दुधासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. सुजाता यांच्या नावे..." आणि मागच्या रांगेत एक पोर किंचाळून रडायला लागलं. सगळ्यांनी माना वळवल्या. मंगल होती. कामावरच्या निळ्या कोटातच आलेली, मांडीवर पोर. तिनं पदर ओढून घेतला, पोराला छातीशी धरलं आणि पोर गप झालं.

मी बघतच राहिले. दूध आटलेल्या मंगलला दूध कुठून आलं?

तेवढ्यात छातीवर सूर्यफुलाचा बिल्ला लावलेली एक मुलगी लगबगीनं तिच्याकडं गेली. वाकून हळूच म्हणाली, पण हॉल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं. "ताई, इथं बरं दिसत नाही. मान्यवर बसलेत. बाहेर व्हरांड्यात बसता का?"

ऐकलंस ना सुजे? तुझ्या पुण्यानुमोदनात. मातेच्या दुधाची घोषणा चालू असताना. मी उठलेच होते, पण मंगल माझ्याआधी बोलली.

"नाय उठत मी."

"ताई, फक्त पाच मिनिटं..."

"नाय म्हणलं ना. ह्या बाईनंच शिकवलंय मला," तिनं तुझ्या फोटोकडं हात केला. "पोराला भूक लागली की हाय तिथं बसायचं आन् पाजायचं. कुणाच्या बापाला भ्यायचं नाय. तुम्ही कोण मला उठवणार?"

अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "बाई, जरा समजून घ्या." मंगल आता अध्यक्षांशीच बोलायला लागली. पोर पीत होतं आणि ती बोलत होती.

"लई बोलल्या व्हत्या मला ह्या. जीव द्यावा वाटला व्हता. दुसऱ्या दिशी सकाळी माझ्या खोलीवर आल्या. एवढी मोठी डाक्टरीण, उंबऱ्यात बसली माझ्या. 'मंगल, चुकलं माझं,' म्हणल्या. 'तुला नाय, तुझ्या मुकादमाला बोलायला पाहिजे व्हतं.' मंग रोज सकाळी यायच्या. पोराला अंगावर कसं लावायचं ते दाखवायच्या, पोर तोंड फिरवायचं, मी रडायची, त्या म्हणायच्या, पुन्यांदा लाव. आलं दूध. व्हय, परत आलं. आन् कंपनीच्या गेटावर जाऊन मुकादमाशी भांडल्या. आता दुपारी सासू पोराला गेटावर आणती आन् मला सोडत्यात. तवा कुठं व्हतं तुमचं हे फूल?"

आनंद व्यासपीठावर बसला होता. तो उठला, अध्यक्षांच्या हातातला माइक घेतला. "सर, माफ करा. हे व्याख्यान होणार नाही." अध्यक्ष काहीतरी पुटपुटले. आनंद म्हणाला, "आईचं नाव मी कुणाला देत नाही. आणि त्या ताई तिथंच बसतील." त्यानं माइक ठेवला, खाली उतरला आणि फोटोच्या दोन्ही बाजूंचे फलक स्वतः उचलून दाराबाहेर नेले. तो सूर्यफूलवाला त्याच्यामागं धावला, "सर, बाद में बात करते हैं, सर." मी वाटेतच उभी होते. मी म्हटलं, "बाद में काही नाय. तुझ्या उरलेल्या पाण्याच्या बाटल्या पण उचल आणि नीघ."

सगळे पांगल्यावर मी मंगलजवळ जाऊन बसले. पोर पोटभर पिऊन तिच्या मांडीवर झोपलं होतं, ओठाच्या कडेला दुधाचा थेंब. मी तिला विचारलं, बाई रोज यायच्या, तर मला कधी बोलल्या नाहीत? ती म्हणाली, "मी म्हणलं व्हतं त्यांना, मावशींना सांगा, मावशी माझ्यापायी भांडल्या तुमच्याशी. तर हसल्या. 'तिला इतक्यात नको सांगू,' म्हणल्या, 'डोक्यावर बसंल माझ्या.'"

बसले असते गं. वर्षभर उतरले नसते. जिन्यावरून येता-जाता तुला ऐकवलं असतं, पेशंटांसमोर ऐकवलं असतं. तू चिडून लाल झाली असतीस आणि म्हणाली असतीस, चंद्रे, खाली जा. मी त्या भांडणात बरोबर होते आणि तू ते मानलं होतंस, आणि मी मात्र तुला पाठ दाखवून औषधं लावत बसले होते. काल त्या रिकाम्या हॉलमध्ये मला पहिल्यांदा रडू आलं, आणि आलं ते थांबेचना. मंगल एका हातानं पोराला आणि एका हातानं मला थोपटत होती.

सूर्यफूलवाले पुन्हा येतील. दुसरं काही घेऊन येतील, दुसऱ्या जिन्यानं येतील. त्यांच्याशी भांडायला मी आहे, त्याची काळजी करू नकोस. पण माझ्याशी भांडायला आता कोण आहे, सुजे?